जाड टायरची सायकल आणि दाराशी आलेला डोंगर

मुंबईच्या उपनगरातल्या कोणत्याही सायकलच्या दुकानात जा, दर्शनी भागात जाड टायरच्या, पुढे शॉकर लावलेल्या ‘एमटीबी’ म्हणजे माउंटन बाइक ओळीने उभ्या दिसतील. दहावीच्या निकालाला घेतलेली आणि आता सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल बहुधा याच जातीची. डोंगर मात्र तिने क्वचितच पाहिलेला असतो. आणि डोंगर आहे तरी किती जवळ! एकीकडे अंधेरी-बोरिवली, दुसरीकडे मुलुंड-घाटकोपर, आणि मध्ये शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, विहार आणि तुळशी हे तलाव, दक्षिणेला आरे.

आधी एक गैरसमज दूर करू. परदेशी व्हिडिओंत झाडीतून वळणं घेत उतरणारी, खास सायकलसाठी राखलेली मातीची वाट दिसते, तशी इथे शोधू नये. राष्ट्रीय उद्यानात ठरलेला रस्ता सोडून परवानगीशिवाय जंगलात शिरणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. पण त्याने हिरमुसायचं कारण नाही. माउंटन बाइकचा खेळ कॅलिफोर्नियात रुजला तोही जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरच. १९७६मध्ये तिथल्या मरिन परगण्यात काही पोरं जुन्या, जडशीळ सायकली घेऊन अशाच एका उतारावर शर्यत लावू लागली. वीस वर्षांनी, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, या खेळाला पदक मिळायला लागलं.

नवख्याने सुरुवात बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून करावी. तिथून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा आणि डांबरी आहे. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी बराच वेळ सोबतीला असते, चढ हळूहळू वाढतो आणि शेवटी तो खराच चढ होतो. धाप लागून खाली उतरावं लागलं तर उतरावं. सायकल ढकलत नेण्यात कमीपणा नाही. गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करायचा. पायांवर जोर आल्यावर बदलायला गेलं की साखळी कुरकुरते, कधी उतरतेही. परतीच्या उतारावर शिकायचं अधिक आहे. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायचे, पेडल समपातळीत ठेवायचे, बूड सीटच्या किंचित मागे आणि नजर चाकाखाली न ठेवता पुढच्या वळणावर. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की सायकल थांबते, आपण थांबत नाही. पानगळीत वळणांवर सुक्या पानांचा थर साचतो, त्यावर जाड टायरही घसरतो.

स्वतःची सायकल नसली तरी उद्यानात भाड्याने मिळते. तासावर सायकल घेऊन वाढलेल्या पिढीला हे नवं नाही. घेताना ब्रेक दाबून बघावेत, सीट कमरेच्या उंचीला आणावी आणि हवा चाचपावी. भाड्याच्या सायकलींचे ब्रेक हा नशिबाचा भाग असतो, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नयेत. खाऊची पिशवी हँडलला लटकवायची नाही, माकडं ती हातोहात लांबवतात.

दिवस निवडणं हे निम्मं काम. सोमवारी उद्यान बंद असतं. रविवारी उशिरा पोहोचलं तर सहलीच्या घोळक्यांतून घंटी वाजवत जावं लागतं आणि महाशिवरात्रीला कान्हेरीला जत्रा भरते, तेव्हा सायकल घरीच बरी. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरतं, एप्रिल-मेमध्ये दहा वाजताच घामाच्या धारा लागतात. राहिली दिवाळीनंतरची ते फेब्रुवारीपर्यंतची सकाळ, तीच खरी.

सायकल न्यायची कशी? लोकलच्या गर्दीत तिचा विचारही नको. मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गिकांवर मात्र २०२२ पासून सायकल नेऊ देतात, त्यामुळे अंधेरीकराने गुंदवलीला चढून थेट ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानकावर उतरावं. घाटकोपरकराला हा प्रवास आडवळणाचा, त्याने बोरिवलीला जाऊन भाड्याची घेणंच शहाणपणाचं.

आरेची गोष्ट वेगळी. १९४९मध्ये दूधवसाहत म्हणून वसवलेल्या या भागात तबेल्यांच्या युनिटांना जोडणारे आतले रस्ते खाचखळग्यांचे आहेत, आणि जाड टायरला नेमकं तेच हवं असतं. गोरेगावहून मरोळकडे जाणारा मुख्य रस्ता मात्र वाहनांचा, तो नवख्याने टाळावा. आदिवासी पाड्यांतल्या वाटा म्हणजे लोकांची अंगणं, तिथे वेग दाखवायचा नसतो. आणि बिबट्या. २०२१ आणि २०२२मध्ये आरेत माणसांवर हल्ले झाले. इथले वारली वाघोबाला पूजतात, बिबट्याशी जुळवून राहतात. आपण पाहुण्यांनी निदान वेळ पाळावी. उजाडल्यावर निघावं, सूर्य कलण्याआधी बाहेर पडावं, एकट्याने जाऊ नये, लहान मूल मागे राहू देऊ नये. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक फोनमध्ये असू द्यावा.

सायकलसाठी वेगळी वाट बांधायचा प्रयत्न पवईत झाला होता. महापालिकेने तलावाकाठी सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक करायला घेतला, आयआयटीतले संशोधक विद्यार्थी कोर्टात गेले आणि मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून काठ पूर्ववत करायला सांगितलं. मी सायकलवाला असूनही मला हा निकाल पटतो. पाणथळीवर भराव घालून केलेल्या वाटेवर कसली आलीय निसर्गाची सफर?

मुलुंडकरांना नकाशात डोंगर ओलांडून बोरिवलीला जाणं सोपं दिसतं. त्या मोहात पडू नये, मधला सगळा भाग उद्यानाचा गाभा आहे. त्यांनी ठाण्याला उपवन तलाव गाठून येऊरचा घाटरस्ता धरावा. कान्हेरीचा शेवटचा चढ न उतरता जमू लागला की येऊरला जायला हरकत नाही. तिथेही चौकीवर विचारूनच पुढे जायचं, आणि चढताना घेतलेला पाण्याचा घोट उतरण्याआधी पुन्हा एकदा घ्यायचा, कारण थकलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबले जात नाहीत.