विजेची सायकल : बॅटरीस झेपेल तेवढाच प्रवाह

पेण तालुक्यातील खारेपाटाची वाट सपाट आहे. रोह्याकडील कुंडलिका नदीकाठचा मुलूखही बराचसा सखल आहे. मात्र या दोन भागांच्या मध्ये डोंगर आहेत. नागोठण्याहून रोह्यास जाताना भिसे खिंड व कोलाडकडे जाताना सुकेळी खिंड ओलांडावी लागते. भाजीच्या करंड्या किंवा दुधाच्या किटल्या लादलेली विजेची सायकल सपाटीवर बिनतक्रार चालते आणि खिंडीच्या चढावर एकाएकी बंद पडते, तेव्हा दोष मोटारीस दिला जातो. वास्तविक पुष्कळ वेळा मोटार निर्दोष असते. कंट्रोलर मागतो तेवढा प्रवाह देण्याची बॅटरीची कुवत नसते. बॅटरी हा सायकलीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे हा मेळ आरंभीच घालून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

प्रवाह कोण ठरवतो

विहिरीवरील पंप मोठा आणि झरे लहान असले, तर पंप पाणी ओढून ओढून विहीर कोरडी करतो. विजेच्या सायकलीतही असेच घडते. बॅटरी ही विहीर, मोटार हा पंप व कंट्रोलर ही मधली झडप होय. ही झडप जास्तीत जास्त किती उघडावी, याचा आकडा कंट्रोलरमध्ये ठरवलेला असतो. तो अँपिअरमध्ये मोजतात व बहुधा कंट्रोलरच्या पेटीवर छापलेला असतो. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट मिळतात. ३६ व्होल्टच्या बॅटरीतून १५ अँपिअर घेणारा कंट्रोलर ५४० वॅट ओढतो. मोटारीवर २५० वॅट लिहिले असले, तरी चढावर कंट्रोलर तिला याहून पुष्कळ अधिक वीज देऊ शकतो, हे विसरू नये.

बॅटरीची मर्यादा कशी काढावी

बॅटरीची मर्यादा दोन ठिकाणी पाहावी लागते. पहिले ठिकाण म्हणजे आतील सेल. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सामान्यतः १० सेल एकसर जोडलेले असतात व अशा ४ रांगा समांतर असतात. प्रत्येक सेल सतत ५ अँपिअर देऊ शकत असेल, तर चार रांगा मिळून २० अँपिअर देतील. दुसरे ठिकाण म्हणजे बॅटरीतील संरक्षक पट्टी. कारागीर तिला बीएमएस म्हणतात. तिची सतत चालण्याची मर्यादा १५ अँपिअर असेल, तर सेल २० अँपिअर देण्यास समर्थ असूनही संपूर्ण बॅटरीची मर्यादा १५ अँपिअरच धरावी. या दोन आकड्यांपैकी जो लहान तोच खरा.

याच्या उलट स्थिती अधिक घातक असते. सेल हलक्या प्रतीचे असून प्रत्येकी अडीच अँपिअरच देऊ शकत असतील, तर चार रांगांची कुवत १० अँपिअर होते. पण पट्टी १५ अँपिअरपर्यंत वीज तोडीत नाही. सायकल बंद पडत नाही, म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि आत सेल तापत राहतात. म्हणून बॅटरी घेताना सेलची जात, रांगांची संख्या व पट्टीची मर्यादा दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी.

मर्यादेच्या टोकावर बॅटरी रोज चालवू नये. निघालेल्या मर्यादेच्या चार पंचमांश भाग वापरात घ्यावा. वरील १५ अँपिअरच्या उदाहरणात कंट्रोलर १२ अँपिअरवर ठेवणे योग्य ठरेल.

उष्णतेचा हिशेब

प्रत्येक बॅटरीस स्वतःचा अंतर्गत रोध असतो. त्यामुळे प्रवाह वाहताना काही वीज बॅटरीतच उष्णतेच्या रूपाने खर्च होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रोध ०.१५ ओहम धरल्यास १० अँपिअरला १५ वॅट उष्णता निर्माण होते. १५ अँपिअरला ती सुमारे ३४ वॅट होते. प्रवाह दीडपट, पण उष्णता सव्वादोन पट! बंद पेटीत ही उष्णता साठते आणि सेलचे आयुष्य झपाट्याने घटते.

याच रोधामुळे चढावर दाबही खाली येतो. समजा, बॅटरीत ३३ व्होल्ट शिल्लक आहेत व कंट्रोलर ३१ व्होल्टला वीज तोडतो. १५ अँपिअर घेतल्यास सव्वादोन व्होल्ट घटून दाब ३०.७५ होतो आणि सायकल थांबते. ८ अँपिअर घेतल्यास दाब ३१.८ राहतो व तीच बॅटरी खिंड चढून जाते. बॅटरी जुनी होते तसा हा रोध वाढतो. म्हणून जुन्या बॅटरीसाठी प्रवाहाचा आकडा आणखी कमी करावा.

चढ व ओझे

सायकल २५ किलो, चालक ६५ किलो व माल ३० किलो, असे एकूण १२० किलो वजन धरू. दर २० मीटरला १ मीटर असा चढ ताशी १२ किलोमीटर वेगाने चढण्यास बॅटरीतून सुमारे ३१० वॅट, म्हणजे ३६ व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास लागतात. तोच चढ ताशी २० किलोमीटरने चढू पाहिल्यास हा आकडा जवळजवळ दुप्पट, १६ ते १७ अँपिअर होतो. चालकाने पायडल मारून ८० वॅटची मदत केली, तर ताशी १२ किलोमीटरला ६ अँपिअरच्या आतच काम भागते. तेव्हा चढावर वेगाचा लोभ धरू नये व पायडल सोडू नये. सायकल अगदी रांगू लागली, तर उतरून ढकलावी. कारण चाकातील मोटार फारच हळू फिरत असता विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो.

कंट्रोलरमधील आकडे

ज्या कंट्रोलरमध्ये फेरफार करता येतो, त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बॅटरीतून घेण्याचा प्रवाह. वरील हिशेब याचाच आहे. दुसरी, मोटारीच्या तारांतील प्रवाह. कमी वेगात हा बॅटरीच्या प्रवाहापेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे दोन्ही आकड्यांची गल्लत करू नये. तिसरी, वीज तोडण्याचा दाब. १० सेलांची नेहमीची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते व ३० व्होल्टच्या खाली नेऊ नये. म्हणून कंट्रोलर ३१ व्होल्टच्या सुमारास थांबावा. शिशाच्या तीन बॅटऱ्या जोडल्या असतील, तर हा दाब ३१.५ व्होल्ट ठेवावा. शिशाच्या बॅटरीतून प्रवाह जोराने ओढला, तर लिहिलेल्या अँपिअर-तासांपेक्षा बरीच कमी वीज हाती येते, हेही ध्यानात ठेवावे.

आकडा बदलल्यावर डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या एका तारेभोवती लावून चढावरील प्रवाह प्रत्यक्ष तपासून घ्यावा. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा डीसी फ्यूज असावा.

काय टाळावे

जोर वाढावा म्हणून कंट्रोलरमधील शंटावर डाख चढवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. असे केल्याने कंट्रोलरला प्रवाह खऱ्यापेक्षा कमी भासतो आणि तो मर्यादेबाहेर वीज ओढू लागतो. ही युक्ती कटाक्षाने टाळावी. बीएमएस वगळून तारा सरळ जोडणे तर आगीस आमंत्रण देणे होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटारीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी व वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच ठरलेल्या अटींवर अशा सायकलीस मोटार वाहनाच्या नियमांतून सूट मिळते. शक्ती व वेग वाढवल्यास ती सूट गमावण्याचा प्रसंग येतो.

खाडीलगतच्या खाऱ्या हवेने व कोकणातील पावसाने तारांचे सांधे गंजतात. गंजलेला सांधा थोड्या प्रवाहानेही तापतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर सर्व सांधे उघडून पाहावेत. चढावरून आलेली बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी, आणि घरात सर्व निजले असता गवत, पेंढा किंवा अंथरुणाजवळ ती चार्ज करू नये.

सारांश, सेल व बीएमएस यांपैकी लहान मर्यादा शोधावी, तिचा चार पंचमांश भाग कंट्रोलरमध्ये ठेवावा, आणि उरलेला चढ कमी वेगाने व पायांच्या मदतीने चढावा. असे केल्यास पहाटे तोडलेली भाजी खिंडीत न अडकता बाजारास पोहोचेल आणि बॅटरीही अधिक वर्षे साथ देईल.