ग्लेन सीबोर्ग : करणारा आणि ठरविणारा

अणुबाँबचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पदार्थविज्ञानाचे पंडित उभे राहतात : आइन्स्टाइन, फर्मी, ओपेनहायमर. रसायनशास्त्रज्ञाची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु नागासाकीवर पडलेल्या बाँबमधील प्लुटोनियम काही खाणीतून आलेले नव्हते. ते माणसाने अणुभट्टीत घडविले होते आणि रासायनिक क्रियेने निवडून काढले होते. या निवडण्याच्या शास्त्राला अणुगर्भ-रसायन म्हणतात, आणि ग्लेन सीबोर्ग हे त्यातले थोर जाणकार. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे; कामगारांत वावरणारा माणूस आहे. या चरित्राकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे : जो वस्तू घडवितो, त्याला तिच्या उपयोगाविषयी बोलण्याचा हक्क कितपत असतो?

सीबोर्ग यांचा जन्म १९१२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इश्पेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावी झाला. घराणे मूळचे स्वीडनचे, वडील मशीनिस्ट. ग्लेन दहा वर्षांचा असताना कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. पण तेथे वडिलांना कायमचे काम मिळाले नाही. मुलाने गोदीत माल वाहिला, जर्दाळू तोडले, टायरच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत रात्रपाळी केली आणि फीशिवाय शिकविणाऱ्या सरकारी विद्यापीठातून १९३४ साली पदवी घेतली. रसायनाची गोडी लावली ती शाळेतील एका शिक्षकाने. १९३७ साली बर्कली येथे त्यांना डॉक्टरेट मिळाली.

आता त्यांच्या शोधाकडे वळू. निसर्गात भरपूर सापडणारे सर्वांत जड मूलद्रव्य युरेनियम, त्याचा क्रमांक ९२. युरेनियमच्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की तो अस्थिर होतो. काही मिनिटांत त्याचे ९३ क्रमांकाचे नेपच्युनियम होते आणि त्यानंतर काही दिवसांत ९४ क्रमांकाचे प्लुटोनियम. नेपच्युनियम १९४० साली मॅकमिलन व एबल्सन यांनी ओळखले. ९४ क्रमांकाची रासायनिक ओळख सीबोर्ग आणि त्यांचे सहकारी वॉल व केनेडी यांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये, एका रात्री बर्कलीच्या प्रयोगशाळेत पटविली. ते द्रव्य डोळ्यांना दिसण्याइतकेही नव्हते; केवळ त्याच्या किरणोत्सर्गावरून त्याचा माग काढला होता. पुढच्याच महिन्यात कळले की या द्रव्याचा अणू फुटतो, म्हणजे त्याचा बाँब होऊ शकतो.

एप्रिल १९४२ मध्ये, तिसाव्या वाढदिवशी, सीबोर्ग सरकारी कामासाठी शिकागोला पोहोचले. त्यांच्या विभागाने त्या वर्षी सप्टेंबरात प्लुटोनियमचे पहिले संयुग तोलले. त्याचे वजन भरले २.७७ मायक्रोग्रॅम, मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा कणावर अभ्यासलेली क्रिया सुमारे एक अब्ज पटींनी वाढवून कारखान्यात उतरवावयाची होती. अणुभट्टीतून निघालेल्या एक टन युरेनियममध्ये प्लुटोनियम फक्त पाव किलोच्या आसपास असे, आणि ते सगळे मिश्रण इतके किरणोत्सर्गी की हात लावण्याची सोय नाही. म्हणून जाड काँक्रीटच्या भिंतीआडून, दुरून चालविलेल्या यंत्रांनी ते विरघळवीत, बिस्मथ फॉस्फेटच्या साक्याबरोबर प्लुटोनियम खाली बसवीत आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे हा कारखाना उभारताना कामगारांची संख्या चाळीस हजारांवर गेली होती. आपण काय उभारीत आहोत, हे त्यांतील बहुतेकांना ऑगस्ट १९४५ पर्यंत ठाऊक नव्हते.

शास्त्रज्ञांना मात्र ठाऊक होते. जून १९४५ मध्ये शिकागोच्या सात जणांच्या समितीने जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला एक अहवाल दिला. हा बाँब जपानवर अचानक टाकू नका, आधी एखाद्या वाळवंटात किंवा ओसाड बेटावर जगाच्या प्रतिनिधींसमोर त्याचे प्रात्यक्षिक करा, नाहीतर शस्त्रांची स्पर्धा सुरू होईल, असे त्यात बजावले होते. त्या सात सह्यांत सीबोर्ग यांची एक होती. थोड्याच दिवसांत सरकारच्या शास्त्रीय सल्लागारांनी प्रत्यक्ष वापराखेरीज दुसरा स्वीकारण्याजोगा मार्ग दिसत नाही असे कळविले. ९ ऑगस्टला सुमारे सहा किलो प्लुटोनियमने नागासाकी भाजून निघाले. कारखान्यात अर्ज देऊन पाहिलेल्या माणसाला या हकिगतीत नवे काही वाटणार नाही. सात जणांचे म्हणणे खरे होते; पण ते ऐकलेच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते.

१९५१ साली सीबोर्ग यांना मॅकमिलन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ ते १९७१ ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. तारापूरच्या वीजकेंद्रासंबंधी भारत व अमेरिका यांचा करार १९६३ साली झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. आता ते स्वतः ठरविणाऱ्यांच्या टेबलाशी बसले होते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत हवेतील, पाण्याखालील व अंतराळातील अणुचाचण्या बंद करणारा करार झाला, तेव्हा ते तेथे हजर होते. परंतु हा करार केवळ टेबलाशी झाला नाही. चाचण्यांतून उडालेले स्ट्राँशियम गाईच्या दुधातून मुलांच्या हाडांत उतरते, हे लोकांना कळले होते. सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासणीसाठी गोळा केले जात होते. १९६१ साली हजारो अमेरिकन स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सीबोर्ग यांना सर्वच चाचण्या बंद झालेल्या हव्या होत्या. तेवढे मात्र साधले नाही. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या, आणि त्या करणारा आयोग त्यांचाच होता.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३८ साली लिव्हिंगूड यांच्याबरोबर त्यांनी आयोडीन-१३१ शोधले. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या विकारावर ते आजही देतात, आणि खुद्द सीबोर्ग यांच्या आईला त्याने आयुष्य वाढवून दिले. कर्करोगाच्या रोग्याला ज्याचे किरण देतात ते कोबाल्ट-६० याच जोडीच्या कामातून आले. १०६ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांच्या हयातीतच सीबोर्गियम हे नाव मिळाले. १९९९ साली ते वारले.

हॅनफर्डचा कारखाना बंद झाला, पण तेथील १७७ भूमिगत टाक्यांतले किरणोत्सर्गी सांडपाणी हा मोठा वारसा मागे राहिला. तशा कारखान्यांत आजारी पडलेल्या कामगारांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेत झाला तो २००० साली, म्हणजे नागासाकीनंतर पंचावन्न वर्षांनी. १९४५ साली जाणकारांनी बंद दाराआड विनंती केली आणि ती वाया गेली. १९६३ साली जाणकार आत होते, लोक बाहेर होते, दोघे एकच बोलत होते, आणि निदान अर्धे काम झाले. म्हणून अणूचा विषय अवघड आहे, तो तज्ज्ञांवर सोपवावा, असे कोणी सांगू लागले तर आपण नम्रपणे नकार द्यावा. तज्ज्ञालाही आपली गरज असते.