महाडजवळचे पाले आणि टॉलेमीचे गणित
महाडजवळच्या पाले गावाला, म्हणजे गांधारपाले लेण्यांच्या गावाला, काही अभ्यासक टॉलेमीचे ‘बाल्टिपटना’ मानतात. इ.स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात लिहिलेल्या भूगोलग्रंथात त्याने सुमारे ८,००० ठिकाणांना अक्षांश-रेखांश दिले.

त्याआधी एराटोस्थेनिसने पृथ्वी मोजली होती. उत्तरायण संपते त्या दिवशी भरदुपारी अस्वानला सावली पडत नाही. अलेक्झांड्रियात सूर्यकिरण ७.२ अंश कललेले, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन्ही गावांतल्या अंतराची पन्नासपट हा पृथ्वीचा परीघ. किती देखणी युक्ती! टॉलेमीने परीघ लहान धरला आणि त्याच्या नकाशात भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे झाले. वर्तुळातल्या कोनागणिक जीवेची लांबी देणारा त्याचा तक्ता मात्र अर्ध्या-अर्ध्या अंशाने नेमका आहे. पूर्ण जीवेच्या जागी ‘आर्यभटीया’त (इ.स. ४९९) अर्धजीवा आली, आजची साइन तीच.