बोलीची सामग्री आणि बहुभाषी संगणकीय वही

१. प्रास्ताविक

बोलीची सामग्री कशी गोळा करावी, हे आपण मागील घटकात पाहिले. गोळा केलेल्या शब्दांपासून निष्कर्षापर्यंत कसे जावे, हा या घटकाचा विषय आहे.

पेण आणि रोहा परिसरातील आगरी बोलीत गाडीला 'गारी', घोड्याला 'घोरा', पाण्याला 'पानी' आणि डोळ्याला 'डोला' अशी रूपे ऐकू येतात. शाळेच्या वहीत अशा रूपांखाली लाल रेघ ओढली जाते. तुमच्यापैकी काहींनी ती स्वतःच्या वहीत पाहिलीही असेल. ही रूपे म्हणजे चुका की नियम, याचा निर्णय मताने होत नाही. तो पुराव्याने करावा लागतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचे सर्वेक्षण करून त्यातील सामग्री अभ्यासकांना खुली केली आहे. असा पुरावा इतरांना तपासता यावा, यासाठी संगणकीय वही उपयोगी पडते.

२. वहीचे स्वरूप

'ज्युपिटर' ही अशा वह्यांची सर्वपरिचित, विनामूल्य प्रणाली २०१४ मध्ये सुरू झाली. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांच्या नावांवरून तिचे नाव घडले आहे. वहीत एकाखाली एक कप्पे असतात. काही कप्प्यांत आपण मराठीत विवेचन लिहितो, तर काहींत संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहितो. आज्ञेचे उत्तर, मग ते कोष्टक असो वा आलेख, त्याच कप्प्याखाली उमटते.

एका वहीची सामान्यतः एक मुख्य संगणकभाषा असते. तथापि पायथनच्या वहीत योग्य जोडणी बसविली, की एखाद्या कप्प्याच्या माथ्यावर खूण करून तो आर भाषेत चालविता येतो. शब्दांची छाननी पायथनमध्ये सोयीची होते, तर संख्याशास्त्रीय कसोट्या आणि आलेख यांसाठी आर समर्थ आहे. म्हणून दोन्हींचा मेळ घालावयाचा.

३. सामग्रीपासून नियमाकडे

प्रत्येक उच्चारासाठी कोष्टकात एक ओळ ठेवा. गाव, भाषकाचा क्रमांक, वय, प्रमाण रूप आणि ऐकलेले रूप असे स्तंभ करा. आता 'ड'चा 'र' होतो, असे विधान तपासू. 'गारी' व 'घोरा' त्याला दुजोरा देतात. 'डोला' मात्र देत नाही, कारण तेथे 'ड' टिकून आहे. मग विधान सोडून द्यावे काय? नाही. पायथनच्या कप्प्यात आणखी एक स्तंभ तयार करावा: 'ड' शब्दाच्या आरंभी आहे की दोन स्वरांच्या मध्ये? त्यानंतर आरच्या कप्प्यात स्थान आणि उच्चार यांचे कोष्टक मांडावे. आरंभीचा 'ड' टिकतो आणि स्वरमध्यस्थ 'ड'चा 'र' होतो, असे त्यातून दिसले, तर ती रूपे नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनाची ठरतात. लाल रेघेला दिलेले हे शास्त्रीय उत्तर होय.

४. घ्यावयाची काळजी

(अ) मूळ कोष्टकात बदल करू नका. 'गारी' ही टंकनातील चूक समजून कोणी 'गाडी' केले, तर पुरावाच नाहीसा होतो. दुरुस्ती करावयाची ती वेगळ्या कप्प्यात, कारण नोंदवून.

(आ) संगणकाची अक्षरगणना आपल्यासारखी नसते. 'पेण' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. पायथन मात्र प, एकाराची मात्रा आणि ण असे तीन घटक मोजतो.

(इ) 'दऱ्या' हा शब्द टंकण्याच्या दोन पद्धती आहेत. डोळ्यांना एकसारखी दिसणारी ही रूपे संगणक भिन्न मानतो. मोजणीपूर्वी त्यांचे एकरूपीकरण करा.

(ई) कप्पे कोणत्याही क्रमाने चालविता येतात. त्यामुळे पुसून टाकलेल्या कप्प्याचा परिणामही स्मृतीत राहू शकतो. शेवटी वही नव्याने सुरू करून सर्व कप्पे वरून खाली चालवा; तेच उत्तर आले, तरच ते ग्राह्य धरा.

(उ) एका आजीने उच्चारलेले पन्नास शब्द म्हणजे पन्नास भाषक नव्हेत. भाषकांची संमती घ्या. नावाऐवजी क्रमांक लिहा.

५. सारांश

संगणकीय वही निष्कर्ष काढून देत नाही; उच्चारापासून निष्कर्षापर्यंतची प्रत्येक पायरी उघडी ठेवते. त्यामुळे तुमचे विधान खोडून काढण्याची संधी वाचकाला मिळते, आणि त्या कसोटीला उतरलेले विधानच शास्त्रात टिकते.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील तीन भाषकांकडून 'ड' असलेले दहा शब्द ऐकून त्यांचे कोष्टक करा. संगणक उपलब्ध नसल्यास ते कागदावर करावे.
२. 'ण'चा 'न' होतो, या विधानाला अपवाद आढळतो काय? आढळल्यास त्या शब्दात 'ण' कोठे येतो, ते नोंदवा.