न बनणाऱ्या चित्रपटाचा ट्रेलर

विद्यार्थ्यांनी केलेला थरारपटाचा ट्रेलर हा मुळात उलटा प्रकार आहे. धंद्यात ट्रेलर कापणाऱ्याच्या हाती चित्रपट तयार असतो किंवा तयार होत आलेला असतो. त्यातले नेमके काय उचलायचे एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. विद्यार्थ्याकडे चित्रपट नसतो आणि पुढे तो बनणारही नसतो. तरीही मिनिट-दीड मिनिटात बघणाऱ्याची खात्री पटली पाहिजे की या तुकड्यांमागे कुठेतरी दोन तासांची अख्खी गोष्ट उभी आहे. प्रकल्पाचे नियोजन याच खात्रीसाठी करायचे असते आणि शेवटी मूल्यमापनही तिचेच व्हायचे असते.

इंग्लंडमध्ये हा प्रकल्प वर्षानुवर्षे रीतसर परीक्षेचा भाग होता. तिथे सोळा ते अठरा या वयात विद्यार्थी ‘ए लेव्हल’ची तयारी करतात, त्यातला एक विषय ‘मीडिया स्टडीज’. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या २००८ पासून शिकवल्या गेलेल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला ‘ॲडव्हान्स्ड पोर्टफोलिओ’ असे. त्यातल्या अनेक पर्यायांपैकी एक म्हणजे नव्या चित्रपटाची प्रसिद्धी: एक टीझर ट्रेलर, आणि जोडीला पोस्टर, चित्रपटविषयक मासिकाचे मुखपृष्ठ व वेबसाइटचे पहिले पान या तिन्हींपैकी दोन. काम एकट्याने करावे किंवा जास्तीत जास्त चौघांच्या गटाने. गुण १००. संशोधन आणि नियोजनाला २०, निर्मितीला ६०, मूल्यमापनाला २०. निर्मितीच्या साठातले ४० ट्रेलरचे, बाकी दोन जोडकामांना दहा-दहा. म्हणजे ट्रेलर कितीही देखणा झाला तरी निम्म्याहून जास्त गुण दुसरीकडेच ठरत. मुलांचा ओढा मात्र कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याकडे असतो, त्यामुळे कागदावरचे काम मागाहून ‘दाखवण्यापुरते’ केले जाते. अनुभवी परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळते, कारण चित्रीकरणानंतर काढलेला स्टोरीबोर्ड शॉटशी जरा जास्तच तंतोतंत जुळतो.

थरारपट हा प्रकार विद्यार्थ्यांना परवडतो. अंतराळातल्या लढाईला पैसा लागतो, बंद दाराला लागत नाही. एक घर, एक जिना, संध्याकाळचा उजेड आणि दोन मित्र एवढ्यावर भागते. पण स्वस्तात होतो म्हणून तो सोपा ठरत नाही. फ्रान्स्वा त्रुफोने १९६२मध्ये घेतलेल्या दीर्घ मुलाखतीत आल्फ्रेड हिचकॉकने दिलेले उदाहरण सर्वत्र शिकवले जाते. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नसताना तो फुटला तर पंधरा सेकंद धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि टेबलाभोवतीची माणसे गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. ट्रेलरला पंधरा मिनिटे मिळत नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाला काय सांगायचे, काय दडवायचे आणि पात्रांना त्यातले किती ठाऊक आहे, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो मांडला नाही की उरतात फक्त धक्के: दचकवणारा आवाज, धावणारे पाय, किंकाळी.

याच हिचकॉकने ‘सायको’साठी (१९६०) केलेला ट्रेलर विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. तो सहा मिनिटांहून लांब आहे आणि चित्रपटातला जवळजवळ एकही प्रसंग त्यात नाही. खुद्द दिग्दर्शक मोटेल आणि मागचे घर फिरवून दाखवतो, इथे काय घडले ते सांगायला लागतो आणि ऐन वेळी जीभ आवरतो. शेवटी न्हाणीघरातला पडदा सरकतो आणि एक बाई किंचाळते. ती चित्रपटात त्या जागी मरणारी जॅनेट ली नाही, व्हेरा माइल्स आहे. ट्रेलरसाठी तो शॉट वेगळा घेतला होता. चित्रपटाला हात न लावता त्याची भूक कशी चाळवावी, याचा याहून सरळ धडा मिळणार नाही. ‘एलियन’चा (१९७९) ट्रेलर दुसऱ्या टोकाचा. त्यात संवाद नाही, निवेदन नाही. कर्कश आवाजांच्या मागे तुटक दृश्ये, आणि शेवटी अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जाणार नाही अशा अर्थाची एकच ओळ.

नियोजनाची सुरुवात अख्ख्या चित्रपटाच्या सारांशापासून व्हावी. एक पान पुरते, पण शेवटासकट. समजा कल्पना अशी: हिवाळ्यात ओस पडलेल्या इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावात एक मुलगी वारलेल्या आजीचे घर आवरायला येते. जुन्या आन्सरिंग मशीनवर तिला स्वतःच्याच आवाजातला निरोप सापडतो, आणि त्यातली तारीख उद्याची असते. हा निरोप कुणी भरला हे ट्रेलर सांगणार नाही, पण गटाला ते ठाऊक हवे. भावाने भरला असे ठरले, तर न्याहारीच्या शॉटमध्ये तो दाराच्या चौकटीत मागे, धूसर, उभा राहू शकतो. पहिल्यांदा बघताना कुणाचे लक्ष जाणार नाही; दुसऱ्यांदा जाईल. गटालाच उत्तर माहीत नसेल तर मात्र टोपी ओढलेला, चेहरा न दिसणारा माणूस गल्लीच्या टोकाशी उभा करण्याची पाळी येते. विद्यार्थ्यांच्या निम्म्या ट्रेलरांत हा माणूस भेटतो, आणि तो कोण हे त्याला उभे करणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

सारांशानंतर ट्रेलरची बांधणी. रूढ घडण तीन टप्प्यांची: आधी सरळ चाललेले आयुष्य, मग त्यात पडलेली फट, मग तुकड्यांचा वाढता वेग आणि अखेर नाव. टीझरला एवढेही लागत नाही, एकच प्रश्न पुरतो. वरच्या कल्पनेचे पहिले वीस सेकंद असे लिहिता येतील: काळा पडदा आणि टेप सुरू झाल्याचा खट्ट आवाज, धूळ बसलेल्या मशीनवर लाल दिव्याची उघडझाप, अगदी जवळून, मुलगी खोके बांधता बांधता थबकते, आजीबद्दलचे दोन किरकोळ निरोप, तिच्या हातातली चिकटपट्टी अर्धवट ताणलेली, मग तिचाच आवाज, आणि ती पट्टी तुटते. यात कुणी धावत नाही, रक्त नाही, तरी पुढचे बघावेसे वाटते. शॉट यादीत याच्या सहा-सात ओळी होतात. संपूर्ण दीड मिनिटाच्या ट्रेलरला, सरासरी दीड-दोन सेकंदांचा शॉट धरला, तर ४५ ते ६० ओळी लागतात. हा आकडा कागदावर दिसला की चित्रीकरणाला एक दुपार पुरेल हा भ्रम आपोआप फिटतो.

स्टोरीबोर्डमध्ये चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. चौकटीत माणूस कुठे, कॅमेरा किती उंचीवर आणि नजर कोणत्या बाजूला एवढे कळले की झाले. त्या चौकटींचे फोटो काढून, अंदाजे वेळ देऊन, तात्पुरत्या संगीतावर एकामागून एक लावले की ॲनिमॅटिक तयार होते. हा टप्पा बहुतेक गट गाळतात, आणि सर्वांत महागात पडते ते हेच. ट्रेलर मध्यावर रेंगाळतो की नाही हे ॲनिमॅटिकमध्ये एका संध्याकाळी समजते. चित्रीकरणानंतर समजले तर पुन्हा सगळी माणसे, तेच कपडे आणि तोच उजेड गोळा करावा लागतो.

उजेडाचे गणित इंग्लंडमध्ये विशेष कडक आहे. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर बाहेर पडलेल्या गटाला दिवसाचा शॉट मिळतच नाही, म्हणून ‘सरळ आयुष्याचा’ पहिला टप्पा शनिवार-रविवारसाठी राखून ठेवावा लागतो. जागेची रेकी करतानाच ही वेळ, रहदारीचा आवाज, विजेची सोय आणि जागेच्या मालकाची परवानगी टिपून ठेवायची. हत्याराचा प्रश्न त्याहून गंभीर. ब्रिटनमध्ये २००३च्या कायद्यानंतर नकली पिस्तूलसुद्धा सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो, आणि लांबून बघणाऱ्याला ते खेळण्यातले आहे हे कसे कळणार? पोलिसांना आधी कळवणे, लोकांच्या नजरेस पडणार नाही अशी जागा निवडणे, किंवा पिस्तूल कथेतूनच काढून टाकणे हे तीन मार्ग उरतात. तिसरा उत्तम. पिस्तुलाऐवजी चाव्यांचा जुडगा ठेवला तरी थरार कमी होत नाही.

प्रत्यक्ष चित्रीकरणात पाया पक्का असावा म्हणून ओसीआरने पहिल्या वर्षाला एक छोटा सराव ठेवला होता: एक पात्र दार उघडते, खोली ओलांडून दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसते आणि दोघांत दोन-चार वाक्ये होतात. वरवर क्षुल्लक, पण यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बाहेरून दार ढकलणारा हात आणि आतून उघडणारे दार एकाच हालचालीचे वाटले पाहिजेत. बोलणाऱ्यांचे शॉट आळीपाळीने जुळले पाहिजेत. आणि दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडता कामा नये, नाहीतर दोघेही एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसतात. थरारपटात हे नियम मुद्दाम मोडता येतात, पण मोडल्याचे कारण मूल्यमापनात सांगता आले पाहिजे.

तांत्रिक बाजूला दोन गोष्टी सर्वांना नडतात. ब्रिटनमध्ये, भारताप्रमाणेच, घरगुती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. अनेक फोन मुळात सेकंदाला ३० चौकटींवर लावलेले असतात आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की ते थांबते. दुसरी गोष्ट आवाज. कॅमेऱ्यातल्या माइकवर खोलीचा घुमारा येतो, म्हणून महत्त्वाचे आवाज वेगळे, जवळून ध्वनिमुद्रित करावे लागतात: श्वास, पायरीची करकर, कुलपातली चावी. थरार निम्मा कानानेच होतो.

म्हणूनच एडिटिंगला बसताना काही गट आधी आवाजाची पट्टी तयार करून त्यावर दृश्ये बसवतात, आणि ती पद्धत चांगली आहे. २०१०मध्ये ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांमधून गाजलेला भोंग्यासारखा खर्जातला घुमारा त्यानंतर इतक्या ट्रेलरांत वाजला की आता त्याने कुणी दचकत नाही. शांततेचा वापर मात्र अजून जुना झालेला नाही. आवाज पूर्ण तोडून काळ्या पडद्यावर दोन सेकंद थांबायला धीर लागतो. नवख्या एडिटरचा हात नेमका तिथे शिवशिवतो. मजकुराच्या पट्ट्यांमधला टाइपही विचार करून निवडावा. रोमन शिलालेखांवर बेतलेला, १९८९ साली ॲडोबीने आणलेला ट्रेजन हा टाइप अमेरिकी पोस्टरांवर इतका वापरला गेला की तो दिसला तरी ‘मोठा चित्रपट’ असा भास होतो. विद्यार्थ्याच्या कामात तो शोभेलच असे नाही. जो टाइप, जो रंग आणि जी वस्तू ट्रेलरमध्ये ठसते, तीच पोस्टर आणि मुखपृष्ठावर यावी. आपल्या उदाहरणात ती वस्तू उघड आहे: लाल दिवा. पोस्टरवर मुलीचा चेहरा नसला तरी चालेल, दिवा हवा. मासिकाच्या मुखपृष्ठाला मात्र चेहरा लागतो. ‘एम्पायर’ किंवा (२०२४मध्ये बंद पडलेल्या) ‘टोटल फिल्म’ यांच्या मुखपृष्ठांवर कलाकार बहुधा थेट वाचकाकडे बघतो, कारण ते मासिक विकायचे असते, गोष्ट दडवायची नसते. हा फरक ज्याला उमगला त्याने मूल्यमापनातला एक प्रश्न आधीच सोडवला.

मूल्यमापनाची खरी सुरुवात कच्च्या कटापासून होते. पटकथा न वाचलेली पाच-सहा माणसे बसवून, त्यांना ट्रेलर एकदाच दाखवून प्रश्न विचारावेत. ‘आवडला का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. मित्र ‘मस्त’ म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘चित्रपट कशाबद्दल आहे?’, ‘निरोप कुणी भरला असेल?’, ‘पुढे काय होईल असे वाटते?’ असे विचारावे. सगळ्यांनी भावाचेच नाव घेतले तर चौकटीतली ती धूसर आकृती फार ठळक झाली. एकालाही काही सांगता आले नाही तर धागाच तुटला. निरनिराळी पण गोष्टीत बसणारी उत्तरे आली, तर न बनलेला चित्रपट बघणाऱ्यांच्या डोक्यात उभा राहिला. ही उत्तरे तिथल्या तिथे लिहून किंवा मुद्रित करून ठेवावीत. महिन्याभराने आठवून लिहिलेला अभिप्राय नेहमी स्वतःच्या बाजूने झुकतो.

ओसीआरने मूल्यमापनासाठी चार प्रश्न ठरवून दिले होते. खऱ्या प्रसिद्धीचे संकेत तुमच्या कामाने कसे पाळले, पुढे नेले किंवा धुडकावले? ट्रेलर आणि जोडकामे एकत्र किती परिणामकारक ठरतात? प्रेक्षकांच्या अभिप्रायातून काय शिकलात? संशोधनापासून मूल्यमापनापर्यंत तंत्रज्ञान कसे वापरलेत? पहिल्या प्रश्नावर विद्वत्तेचा पाऊस पडतो. रोलां बार्तचा गूढसंकेत, तोदोरोवची समतोल ढळण्याची कल्पना, लॉरा मल्व्हीचा १९७५चा पुरुषी नजरेवरचा निबंध यांची नावे येतात आणि ट्रेलरला न शिवता निघून जातात. ‘आम्ही बार्तचा सिद्धांत वापरला’ या वाक्याला गुण नाहीत. ‘निरोपाची तारीख दाखवली पण तो कुणी भरला हे अडवून धरले, आणि शेवटची पट्टीही तेच विचारते’ असे लिहिले तर बार्त कामाला आला. मल्व्हीचा उपयोग याहून अवघड आणि म्हणून जास्त मोलाचा: घाबरलेल्या मुलीकडे कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतो आहे? चोरून बघणाऱ्याच्या डोळ्यांनी चार शॉट घेतले असतील तर ते कथेची गरज होती की सवय, हे गटाने स्वतःला विचारावे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सॉफ्टवेअरची यादी होऊन बसते. तिथे एखादाच निर्णय उलगडून सांगावा: लाल दिव्याखेरीज बाकी सगळ्या दृश्याचा रंग फिका केला, मग त्वचा आजारी दिसू लागली, म्हणून चेहऱ्यांपुरता रंग परत आणला. दोषही लिहावेत, पण निमित्तासकट आणि उपायासकट. ‘वेळ कमी पडला’ हा दोष सगळेच लिहितात, त्याला वजन नाही.

२०१७पासून इंग्लंडमध्ये ए लेव्हलचे नवे अभ्यासक्रम आले आणि शेवटच्या मूल्यमापनाच्या जागी, काम सुरू करण्याआधी लिहून द्यायचे सुमारे ५०० शब्दांचे उद्देशपत्र आले. आपण काय करणार, कोणासाठी आणि का, हे विद्यार्थी त्यात मांडतो. काम पुढे त्या कागदाशी ताडून पाहिले जाते. नियोजनाचे वजन त्यामुळे वाढले, पण प्रेक्षकांसमोर बसून ऐकलेल्या उत्तरांना पूर्वी जी हक्काची जागा होती ती गेली. बरेच शिक्षक कच्च्या कटाची चाचणी तरीही घेतात, तिला वेगळे गुण नसले तरी.