शून्य उचलीचं कार्ड कुठे गेलं?

आजचा प्रश्न छोटा आहे. दर ग्राहकामागे किती नोंदी आहेत, हे डेटाबेसला कसं विचारायचं?

उदाहरण आमच्या रायपूरचंच घेऊ. २०१२ साली इथे ‘कोअर पीडीएस’ ही रेशनव्यवस्था सुरू झाली. आधी कार्ड एका ठरलेल्या दुकानाला बांधलेलं असे. या व्यवस्थेत आलेल्या कोणत्याही दुकानातून धान्य घ्यायची मोकळीक ग्राहकाला मिळाली. सोय झाली, पण आता एका दुकानाचा हिशेब पाहून कुटुंबाचा हिशेब कळत नाही. सगळ्या दुकानांच्या नोंदी कार्ड क्रमांकानुसार गोळा कराव्या लागतात.

समजण्यापुरते दोन तक्ते धरू. ‘कार्ड’मध्ये दर कुटुंबाची एक ओळ, ‘उचल’मध्ये दर पावतीची एक ओळ. कार्ड क्रमांकावर दोन्ही जोडायचे, ‘ग्रुप बाय’ने प्रत्येक कार्डाचा गट करायचा आणि ‘काउंट’ने पावत्या मोजायच्या.

साध्या ‘जॉइन’मध्ये फक्त जुळलेल्या ओळी येतात. ज्या घरानं एकदाही धान्य उचललं नाही, ते यादीतूनच गायब! खरं तर चौकशी त्याच घराची करायला हवी. तिथे कोणी आजारी असेल, किंवा एकटी म्हातारी दुकानापर्यंत पोहोचत नसेल.

फौजेत गणती घेताना समोर उभ्या असलेल्या जवानांवरून यादी करत नाहीत. नामावली हातात घेऊन नावं पुकारतात. ज्या नावाला उत्तर येत नाही, तीच महत्त्वाची बातमी. ‘लेफ्ट जॉइन’ हेच करतो. डावीकडचा ‘कार्ड’ तक्ता पूर्ण ठेवतो आणि पावती नसेल तिथे ‘नल’, म्हणजे रिकामी जागा सोडतो.

आता तीन गोष्टी सांभाळा.

पहिली: ‘काउंट’च्या कंसात तारा (*) देऊ नका. तारा ओळी मोजतो. पावती नसलेल्या कार्डाचीही एक ओळ असतेच, म्हणून शून्याऐवजी १ येतो. कंसात पावती क्रमांकाचा रकाना द्या. ‘नल’ मोजला जात नाही, उत्तर शून्य येतं.

दुसरी: फक्त एका महिन्याची उचल हवी असेल, तर ती अट ‘व्हेअर’मध्ये घालू नका. ‘नल’ त्या अटीत बसत नाही आणि शून्याची कार्डं पुन्हा गळतात. अट ‘ऑन’मध्ये, जोडणीच्या जागीच लिहा.

तिसरी: सोबत ‘सदस्य’ हा तक्ताही जोडलात, तर ४ सदस्य आणि २ पावत्या मिळून ८ ओळी होतात. उचल ८ दिसते, खरी असते २. अशा वेळी पावती क्रमांकावर ‘काउंट डिस्टिंक्ट’ वापरा.

शेवटी एक ताळा करा. ‘कार्ड’ तक्त्यात जितकी कार्डं, तितक्याच ओळी उत्तरात यायला हव्यात. कमी आल्या, तर कोणाचं तरी नाव पुकारायचं राहिलं आहे.