मजकुरांतील चित्रांची जागा

पुस्तकांत चित्र बसविणें हें काम पूर्वीं जुळाऱ्याच्या हातीं असे. चित्राचा ब्लॉक लाकडी ठोकळ्यावर ठोकून तो खिळ्यांच्या उंचीइतका, म्हणजे इंग्रजी मापानें ०.९१८ इंच, उंच करीत आणि खिळ्यांच्या ओळींमध्यें त्याला जागा करून देत. भोंवतीं शिशाच्या पट्ट्या व लाकडाचे तुकडे भरून सर्व फर्मा लोखंडी चौकटींत आवळला कीं चित्र तेथून तसूभरहि हलत नसे. वरच्या दोन ओळी गाळावयाच्या झाल्या तर जुळाऱ्याला चौकट सैल करून ओळी हातानें उचलून पुढें-मागें कराव्या लागत. काम जिकिरीचें खरें. पण चित्र कोणाच्या नकळत सरकलें असें मात्र घडत नसे.

आज तेंच काम संगणकावर होतें, आणि तें करणारा मनुष्य बहुधा मुद्रणाच्या धंद्यांतला नसतो. शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका, गांवच्या वाचनालयाचा अहवाल, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तान्त अशीं पुस्तकें ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ ह्या लेखनप्रणालींत घरींच तयार होतात. ह्या प्रणालीची पहिली आवृत्ति १९८३ सालीं निघाली. समजा, अशा एका स्मरणिकेंत देणगीदारांचीं व दिवंगत शिक्षकांचीं मिळून चाळीस छायाचित्रें आहेत. सर्व जागच्या जागीं बसलीं. छपाईच्या आदल्या दिवशीं कोणीतरी तिसऱ्या पानावरील एक वाक्य गाळलें, आणि आठव्या पानावर एका दिवंगत शिक्षकाच्या नांवावर दुसऱ्याचाच चेहरा आला. हजार प्रती छापून झाल्यावर हें ध्यानांत येतें, तेव्हां त्या शिक्षकाच्या घरच्या माणसांना काय सांगावें हा प्रश्न चिटणीसापुढें उभा राहतो. दोष संगणकाला दिला जातो. वस्तुतः संगणकानें सांगितलें तेंच केलेलें असतें; आपण त्याला काय सांगितलें हें सांगणारालाच ठाऊक नसतें.

आकाशवाणीवरून पडदा दाखवितां येत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें एक लिहिलेलें पान आणावें म्हणजे झालें. त्या पानावर चित्र दोनच प्रकारांनीं राहूं शकतें: एक, ओळींतील अक्षर होऊन, दुसरें, ओळीबाहेर पण कोणत्या तरी परिच्छेदाला बांधलेलें असें. यादींत दिसणारीं बाकीचीं सर्व नांवें ह्या दोहोंचे पोटभेद होत.

नवें चित्र घातलें कीं तें सामान्यतः पहिल्या प्रकारचें असतें. त्याचें इंग्रजी नांव ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. वर्डच्या लेखीं तें चित्र नव्हेच. तें एक अवाढव्य अक्षर आहे. मागचीं अक्षरें पुढें सरकलीं कीं तेंहि सरकतें, ओळ खालीं गेली कीं तेंहि खालीं जातें. ओळ त्याच्या उंचीइतकी उंच होते, म्हणून त्याच्या शेजारीं मजकुराची एकच ओळ बसते आणि तीहि पायथ्याशीं. नवशिक्याला हें विद्रूप वाटतें, आणि तो स्पेसची व एंटरची कळ दाबदाबून चित्राला ढकलूं लागतो. असें करूं नये. पुढें एक शब्द बदलला कीं ती सारी ढकलाढकल उलटी फिरते. अक्षर मध्यभागीं आणावयाचें तर परिच्छेद मध्यभागीं आणतात, चित्राचेंहि तसेंच. त्याला स्वतःचा वेगळा परिच्छेद द्यावा आणि ‘सेंटर’ ही आज्ञा त्या परिच्छेदाला द्यावी.

ह्याच प्रकारांतील एक चमत्कार पुष्कळांना चकवितो. चित्र तर घातलें, पण पानावर त्याची केवळ एक चिंचोळी पट्टी दिसते. चित्र बिघडलेलें नसतें. ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ म्हणून बांधून टाकलेलें असतें, इतकेंच. मंगल फाँटांत ओळी फार मोकळ्या पडतात, म्हणून टंकलेखक तें अंतर आवळून घेतात. मग अठरा पॉइंटांच्या ओळींत तीन इंचांचें अक्षर मावणार कसें? चित्राच्या परिच्छेदापुरतें अंतर ‘सिंगल’ केलें कीं चित्र पुरतें उघडें होतें.

दुसऱ्या प्रकारांत चित्र ओळींतून उचललें जातें. आतां तें मोकळें झालें असें वाटतें. पण शेतांत चरणारी गाय लांबून मोकळी दिसावी आणि जवळ गेल्यावर दावें व खुंटा दृष्टीस पडावा, तशी ही स्थिति आहे. येथें खुंटा म्हणजे एक परिच्छेद. वर्डमध्यें त्या बंधनाला ‘अँकर’, म्हणजे नांगर, असें नांव आहे. चित्रावर टिचकी मारली असतां समासाजवळ जहाजाच्या नांगराची लहानशी आकृति दिसते; ती न दिसल्यास ‘ऑप्शन्स’मध्यें ‘डिस्प्ले’ ह्या सदरांत ‘ऑब्जेक्ट अँकर्स’पुढील चौकोनांत खूण करावी. ही आकृति कोणत्या परिच्छेदाजवळ आहे हें पाहिल्यावांचून चित्राला हात लावूं नये.

कारण नियम असा आहे कीं ज्या पानावर खुंटा, त्याच पानावर चित्र. खुंट्याचा परिच्छेद पुढील पानावर गेला तर चित्रहि जातें, मग त्यासंबंधींचा मजकूर मागच्या पानावर कां असेना. तो परिच्छेद सबंध पुसला तर चित्रहि त्याच्याबरोबर नाहींसें होतें. आणि माउसनें चित्र ओढून दुसरीकडे नेलें असतां खुंटाहि उपटला जाऊन नव्या जागेजवळच्या परिच्छेदांत रोवला जातो. ओढणाराला त्याची वार्ताहि नसते. स्मरणिकेंतील अनर्थ येथेंच घडतो. छायाचित्र नीट दिसावें म्हणून कोणी तें जरा वर-खालीं केलें, आणि त्याचा खुंटा शेजारच्या शिक्षकाच्या परिच्छेदांत जाऊन बसला. तोंपर्यंत पान पाहणाराला सर्व ठीकच दिसतें. मग तिसऱ्या पानावरील वाक्य गळलें, मजकूर वर चढला, आठव्या पानाच्या माथ्यावरचें नांव सातव्या पानावर गेलें. चेहरा मात्र शेजाऱ्याच्या खुंट्याला बांधलेला असल्यामुळें आठव्यावरच राहिला.

ह्यावर उपाय आहे. नांगराची आकृति माउसनें धरून हव्या त्या परिच्छेदाकडे नेतां येते. ज्याचें चित्र, त्याच्याच नांवाच्या परिच्छेदांत ती ठेवावी आणि मग मांडणीच्या चौकटींतील ‘लॉक अँकर’ ह्या शब्दांपुढें खूण करावी. त्यानंतर चित्र त्या पानावर इकडेतिकडे हलवितां येतें, पण खुंटा आपली जागा सोडीत नाहीं.

त्याच ठिकाणीं ‘मूव्ह विथ टेक्स्ट’ आणि ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ असे दोन पर्याय आढळतात. दुसऱ्याच्या नांवानें शहाण्यासुरत्यांची फसगत होते. पानावर पक्कें म्हणजे अमुकच पानावर पक्कें असें नव्हे. खुंटा ज्या पानावर असेल त्या पानाच्या ठराविक जागीं, उदाहरणार्थ वरच्या कडेपासून दोन इंचांवर, एवढाच त्याचा अर्थ. चित्र सातव्या पानावरच राहावें अशी सरळ आज्ञा वर्डमध्यें नाहीं, कारण तेथें ‘सातवें पान’ ही स्थिर वस्तुच नाहीं. मजकूर वाहत असतो आणि पानें त्यांतून पडत जातात. ‘लिबरऑफिस रायटर’ ह्या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालींत मात्र चित्राला परिच्छेदाप्रमाणेंच पानालाहि बांधतां येतें. मुखपृष्ठावरील चित्रासाठीं ती सोय उत्तम.

मजकूर चित्राभोंवतीं कसा वळावा ह्याचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु त्यांत अडकून पडण्याचें कारण नाहीं. ‘स्क्वेअर’ म्हणजे चौकोनी वळसा. ‘टाइट’ व ‘थ्रू’ हे आकृतीच्या कडेला लगटून जाणारे. ‘टॉप अँड बॉटम’मध्यें शेजारीं कांहींच न ठेवतां मजकूर वर आणि खालीं राहतो. ‘बिहाइंड टेक्स्ट’ व ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ ह्या दोहोंत मजकूर वळतच नाहीं. चित्र अक्षरांच्या मागें तरी जातें किंवा त्यांच्यावर तरी पसरतें. मागें गेलेलें चित्र टिचकीला सहजासहजीं सांपडत नाहीं, त्याला ‘सिलेक्शन पेन’मधून धरावें लागतें. पुढें आलेलें चित्र कोठेंहि नेतां येतें म्हणून तें हौशी लोकांना फार प्रिय आहे. आणि मजकूर सरकतांच तें एखाद्याच्या नांवावरच आडवें पडतें. स्मरणिकेसाठीं ह्याहून घातक निवड नाहीं.

चित्राशेजारीं मजकूर वाहवावयाचा तर मराठीची एक अडचण ध्यानांत घ्यावी. आपल्या भाषेंत प्रत्यय व शब्दयोगी अव्ययें शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळें शब्द लांब होतात. अरुंद पट्टींत असे शब्द मावत नाहींत, आणि दोन्ही समास सरळ राखले असतील तर शब्दांमध्यें खिंडारें पडतात. चार-पांच शब्दांची रुंदी उरत नसेल तर शेजारचा मोह सोडून ‘टॉप अँड बॉटम’ घ्यावें.

आतां चाळीस चेहरे आणि चाळीस नांवें ह्यांचें काय करावें? त्यांसाठीं तरंगतीं चित्रें नकोतच. बिनरेषांचा एक तक्ता काढावा, दोन किंवा तीन रकान्यांचा. प्रत्येक घरांत एक छायाचित्र ओळींतील अक्षर म्हणून बसवावें, आणि त्याच घरांत त्याच्याखालीं नांव लिहावें. तक्त्याच्या गुणधर्मांत दोन ठिकाणची खूण काढून टाकावी: मजकुराप्रमाणें रकाना आपोआप रुंद होण्याची, आणि तक्त्याची ओढ दोन पानांत तुटण्याची. मग हजार वाक्यें गाळलीं तरी चेहरा व नांव एकत्रच प्रवास करतात. हें दिसावयास थोडें शाळकरी दिसतें हें खरें. मासिकांतल्यासारखी वळणदार मांडणी ह्यांत साधत नाहीं. परंतु दिवंगत माणसाच्या घरीं पुस्तक जातें तेव्हां तेथें वळणें कोणी पाहत नाहीं, चेहऱ्याखालचें नांव पाहतात. एकेकट्या चित्रासाठीं तक्त्याचीहि गरज नाहीं. चित्राच्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावलें कीं खालची ओळ त्याला सोडून पुढच्या पानावर जात नाहीं.

छायाचित्राच्या मापाविषयीं दोन शब्द पुरेत. चांगल्या छपाईला इंचामागें ३०० बिंदू धरतात. म्हणजे १२०० बिंदू रुंदीचें छायाचित्र चार इंच रुंद छापावें, आठ इंच नव्हे. मोबाइलच्या संदेशांतून आलेल्या छायाचित्राचे बिंदू वाटेंतच कमी झालेले असतात, म्हणून मूळ प्रत मागवावी. वर्ड स्वतःहि पुस्तक जतन करतांना चित्रें दाबून लहान करतें. ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ ही खूण आधींच करून ठेवणें बरें.

शेवटची अडचण दुसऱ्याच्या संगणकावर उद्भवते. घरीं वापरलेला फाँट मुद्रकाकडे नसला तर त्याचा संगणक दुसराच फाँट घालतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी निराळ्या तुटतात, परिच्छेद सरकतात आणि त्यांच्याबरोबर खुंटे व चित्रेंहि. म्हणून मुद्रकाकडे वर्डमधील प्रत न देतां पीडीएफ द्यावी. अ‍ॅडोबी कंपनीनें १९९३ सालीं काढलेली ही पद्धति २००८ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. तींत फाँट बरोबर नेतां येतात, आणि अक्षर व चित्र ज्या जागीं असेल त्या जागीं, आवळलेल्या फर्म्यासारखें, राहतें. चुकलेली जागाहि अर्थात् तितकीच पक्की होते. तेव्हां पीडीएफ झाल्यावर ती कागदावर काढून दोघांनीं मिळून पाहावी: एकानें नांव मोठ्यानें वाचावें आणि त्या शिक्षकांच्या हाताखालीं शिकलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानें चेहरा पाहून होकार द्यावा. चाळीस छायाचित्रांना अर्धा तास पुरतो.